बातमीदार, पत्रकर्ते, वार्ताहर, पत्रकार : वृत्तपत्रातल्या माणसाच्या नावांचा इतिहास

रत्नागिरीत निघणाऱ्या कोणत्याही दैनिकाचे गुन्हेवृत्ताचे पान उघडावे. पोलिसांनी कुठेतरी सापळा रचलेला असतो, मुद्देमाल जप्त झालेला असतो आणि माहिती 'गुप्त बातमीदारामार्फत' मिळालेली असते. ही बातमी ज्याने लिहून दिली त्यालाही त्याच्या कार्यालयात बातमीदारच म्हणतात. एकाच पानावर, एकाच शब्दाचे दोन धनी. एकाचे नाव कधीही बाहेर येऊ नये अशी व्यवस्था असते. दुसऱ्याचे नाव मथळ्याखाली छापून यावे, अशी निदान त्याची तरी इच्छा असते.

हा योगायोग नव्हे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. त्या काळच्या मराठीत बातमीदार म्हणजे बातमी काढून आणणारा हेर किंवा टेहळ्या. वृत्तपत्राशी त्याचा मुळात संबंध नव्हता. छापील कागद आला तेव्हा भाषेने हेरगिरीतला हा शब्द उचलला आणि नव्या माणसाला चिकटवला. पोलिसांनी जुना अर्थ सोडला नाही, वृत्तपत्रांनी नवा सोडला नाही आणि गेली कित्येक दशके दोन्ही अर्थ एका पानावर सुखाने नांदत आहेत.

बातमी लिहिणारा सरकारी माणूस मात्र छापखान्याच्या कितीतरी आधीचा आहे. फारसी राजवटींत 'वाकिया-नवीस' नावाचा अधिकारी असे. वाकिया म्हणजे घडलेली गोष्ट, नवीस म्हणजे लिहिणारा. मराठीने या 'नवीस'चा 'नीस' केला. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस ही आज आडनावे म्हणून मिरवणारी सारी पदे त्याच घराण्यातली आणि वाकनीस हे त्यांचे भावंड. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत दत्ताजीपंत वाकनीस होते. राजाचा दिनक्रम, भेटीगाठी, आमंत्रणे आणि राजकारणाच्या बातम्या यांवर नजर ठेवणे हे त्यांचे काम. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले गेले, तेव्हा वाकनिसाचा 'मंत्री' झाला. आजच्या वार्ताहराचा हा पूर्वज मंत्रिपदाला पोहोचलेला होता, हे तालुक्याच्या गावी मोटारसायकलवरून बातम्या गोळा करत हिंडणाऱ्याने ऐकले तर त्याला हसू येईल.

दुसरा शब्द 'अखबार'. अरबी 'खबर' या शब्दाचे हे अनेकवचन: खबर एक, अखबार अनेक. मोगल दरबारातील दैनंदिन घडामोडींची हस्तलिखित टिपणे अखबार म्हणूनच ओळखली जात. औरंगजेबाच्या काळातील असे कागद आजही मराठ्यांच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानले जातात. पेशवाईतही परदरबारी राहणारे वकील आणि अखबारनवीस बातम्यांची पत्रे धाडत असत. दिल्लीतील हिंगणे घराण्याचा पत्रव्यवहार इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलाच परिचित आहे. या लेखनाचा वाचक एकच असे, तो म्हणजे धनी. बातमी धन्याची मालमत्ता होती, बाजारात विकायची वस्तू नव्हती. हिंदी-उर्दूने 'अखबार' छापील वृत्तपत्रासाठी कायम ठेवला. मराठीत तो मागे पडला आणि 'खबर' धातूचा वंश चालवायला उरला तो प्रामुख्याने पोलिसांचा 'खबऱ्या'.

मराठीने स्वतःसाठी निवडला तो 'वर्तमानपत्र'. जुन्या पत्रांतून 'इकडील वर्तमान' कळवण्याची रीत होती. वर्तमान म्हणजे चालू काळ नव्हे, तर हालहवाल. ती हालहवाल ज्या पत्रातून कळते ते वर्तमानपत्र. म्हणजे मराठीच्या लेखी वृत्तपत्र हे मुळात एक पत्रच होते, फक्त एकाने अनेकांना धाडलेले. इंग्रजीतील 'जर्नलिस्ट' हा शब्द लॅटिनमधल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दापर्यंत मागे जातो. तिकडे भर रोजच्या नोंदीवर आहे, मराठीत भर कागदावर आहे. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात येऊ लागली, तेव्हा पत्रात पत्रे छापली जात होती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

आता रत्नागिरी जिल्ह्याकडे यावे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू झाले. इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापणारे हे पत्र प्रथम पाक्षिक होते, त्याच वर्षी मे महिन्यापासून साप्ताहिक झाले आणि १८४० पर्यंत चालले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. हे गाव १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. ६ जानेवारी महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी बाळशास्त्रींचा उल्लेख 'आद्य पत्रकार' असा होतो. यात एक काळाची गल्लत दडलेली आहे. बाळशास्त्री १८४६ साली वारले. त्यांच्या हयातीत त्यांना कोणी पत्रकार म्हटले असण्याची शक्यता फारच कमी, कारण त्या अर्थाने तो शब्द मराठीत रुळायला अजून बराच अवकाश होता. शिवाय त्यांची उपजीविका 'दर्पण'वर नव्हतीच. ते एल्फिन्स्टनचे अध्यापक होते. 'ज्ञानेश्वरी'ची पाठभेदांसह पहिली मुद्रित प्रत १८४५ मध्ये त्यांनीच सिद्ध केली. वृत्तपत्र हे अशा विद्वानाच्या अनेक उद्योगांपैकी एक होते.

मग एकोणिसाव्या शतकात या माणसांना म्हणत काय? सुरुवातीला इंग्रजी 'एडिटर' तसाच चाले, पण मराठी वळणाचा रुळलेला शब्द होता 'पत्रकर्ते'. त्याहूनही खास पद्धत म्हणजे पत्राच्या नावालाच 'कर्ते' किंवा 'कार' जोडणे. १८९८ मध्ये 'काळ' साप्ताहिक काढणारे शिवराम महादेव परांजपे मराठी जगात 'काळकर्ते' म्हणूनच राहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर 'निबंधमालाकार', टिळक 'केसरीकार' आणि बाळशास्त्री मागाहून 'दर्पणकार'. माणसाचे नाव पत्रात विरघळून जाई. 'पत्रकर्ते' म्हटले की त्यात मालक, संपादक, अग्रलेख लिहिणारा आणि बहुधा कर्ज काढणाराही आला. ग्रंथकर्ता तसा पत्रकर्ता. हा शब्द लेखकाच्या प्रतिष्ठेचा होता, नोकराचा नव्हता.

'कार' या प्रत्ययाकडे मात्र नीट पाहिले पाहिजे. नाटककार, बखरकार, कादंबरीकार हे सगळे लेखक. पण कुंभकार, सुवर्णकार, लोहकार, चर्मकार हे कारागीर. बोलीत झिजून त्यांचे कुंभार, सोनार, लोहार, चांभार झाले, प्रत्यय तोच. म्हणजे 'पत्रकार' या शब्दात सुरुवातीपासूनच दोन माणसे राहायला आलेली होती: एक ग्रंथकाराच्या पंक्तीत बसणारा आणि दुसरा कुंभाराच्या. पहिल्याला मान मिळतो, दुसऱ्याला मजुरी. या धंद्यातला पुढचा बराचसा झगडा ह्याच प्रश्नाभोवती फिरला.

इंग्रज सरकारला या व्याकरणात रस नव्हता. त्याला हवे होते ते तुरुंगात टाकता येईल असे नाव. १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्याने वृत्तपत्राच्या मुद्रकाला आणि प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यापुढे नाव-पत्त्यासह जाहीरनामा करावा लागे. या यादीत संपादक नव्हता. संपादकाचे नाव अंकावर छापण्याची सक्ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. त्याआधीची पंचावन्न वर्षे कायद्याच्या नजरेत वृत्तपत्र म्हणजे प्रथम यंत्र आणि ते चालवणारा माणूस होता. मजकुरामागचा मेंदू नंतर. देशी भाषांतील पत्रांसाठी केलेल्या १८७८ च्या कायद्यातही जामीन मागायचा तो मुद्रक-प्रकाशकाकडेच.

याचा अर्थ काय होता ते १८९७ च्या खटल्यात दिसते. लोकमान्य टिळक रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मले. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील बदनामीबद्दल आगरकर आणि टिळक यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. एक 'केसरी'चा संपादक, दुसरा 'मराठा'चा. १८९७ मध्ये 'केसरी'तील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात दोन माणसे होती. दुसरे होते केशव महादेव बाळ, 'केसरी'चे मुद्रक. ज्यूरीने टिळकांना सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवले. सहा युरोपीय एका बाजूला, तीन भारतीय दुसऱ्या बाजूला. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाळ निर्दोष सुटले.

शाळेच्या पुस्तकांत पहिला आरोपी राहिला, दुसरा गळाला. त्यात अन्याय झाला असे म्हणण्याची गरज नाही, कारण शिक्षा टिळकांनीच भोगली. पण राजद्रोहासारख्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभे राहण्याचा धोका ज्याने पत्करला, त्या मुद्रकाला मराठीने कधी पत्रकर्ते म्हटले नाही. खिळे जुळवणाऱ्या 'जुळाऱ्या'ला तर नाहीच. बोटांना शिशाचा रंग चढेपर्यंत उलटी अक्षरे जुळवत बसणाऱ्या या माणसाच्या हातून अग्रलेखाचा प्रत्येक शब्द गेलेला असे. मालकाने दिलेल्या रोजावर तो जगे. 'जुळारी' हा शब्दही आता जुळणीच्या पेटीबरोबर अडगळीत गेला आहे.

नाव कोणाचे आणि काम कोणाचे, हा प्रश्न नेहमी असाच नव्हता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'चा बहुतेक मजकूर तर बाबासाहेब एकहाती लिहीत. संपादक, अग्रलेखकार, वार्ताहर ही सारी पदे एकाच माणसाच्या टेबलावर. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. पोंभुर्ले, रत्नागिरी शहर आणि आंबडवे ही तीन ठिकाणे जुन्या जिल्ह्याच्या नकाशावर जोडली तर मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या शतकाचा मोठा भाग त्या रेषांत येतो.

शब्दांची पुढची मोठी उलथापालथही रत्नागिरीतच घडली. १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारण बंद, म्हणून समाजसुधारणा आणि भाषा. त्यांची भाषाशुद्धीची चळवळ याच काळातली. दिनांक, क्रमांक, महापौर, चित्रपट असे अनेक शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यांत वृत्तपत्राच्या कचेरीतलेही काही आहेत: 'रिपोर्ट'साठी प्रतिवृत्त, 'कॉलम'साठी स्तंभ, शिवाय विशेषांक. चळवळीचा रोख इंग्रजीइतकाच फारसी-अरबीवरही होता. १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध करणारे माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, हेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. ज्याला फारसी सर्वांत चांगली येत होती त्यानेच फारसी शब्दांना निरोप द्यावा, हा मराठी वाङ्मयेतिहासातला एक विलक्षण प्रसंग आहे.

'बातमीदार'च्या शेपटाशी 'दार' आहे आणि हा प्रत्यय फारसी. 'वार्ताहर' निव्वळ संस्कृत: वार्ता आणणारा तो वार्ताहर. हा शब्द सावरकरांनी घडवलेला नव्हे. संस्कृतात तो निरोप्याच्या अर्थाने आधीपासून होता. पण संस्कृत वळणाच्या शब्दांना मान देणाऱ्या त्या वातावरणात तो अधिक सभ्य ठरला असावा. 'हर' म्हणजे हिरावून नेणारासुद्धा, तेव्हा वार्ताहर म्हणजे बातमी पळवणारा, असा विनोद संपादकीय खोल्यांत होत आला आहे. बातमीदार मेला मात्र नाही. भाषाशुद्धीने पुष्कळ फारसी शब्द हटवले, तरी जमीनदार, दुकानदार, बातमीदार यांच्या 'दार'पुढे तिचे फारसे चालले नाही. लोकांच्या तोंडातला शब्द काढून घेणे वाटते तितके सोपे नसते.

'पत्रकार' हा शब्द विसाव्या शतकात पक्का झाला. १९३९ मध्ये मराठी पत्रकार परिषद स्थापन झाली, तेव्हा संस्थेच्या पाटीवर 'पत्रकर्ते' नव्हे, 'पत्रकार' लागले. फरक अक्षरांचा नाही. पत्रकर्ते हे पत्राचे धनी. पत्रकार मात्र दुसऱ्याच्या पत्रात काम करणाराही असू शकतो. तोवर वृत्तपत्रांचे कारखाने झाले होते आणि महिन्याच्या पगारावर लिहिणारी एक पिढी तयार झाली होती. तिचे मालकाशी असलेले नाते गिरणीतल्या माणसापेक्षा फार वेगळे नव्हते. तरीही 'पत्रकारिता हे व्रत आहे' हे वाक्य ऐकवले जाई, विशेषतः पगारवाढीचा विषय निघाला की.

१९५० मध्ये देशातील नोकरदार पत्रकारांचा महासंघ उभा राहिला. १९५२ मध्ये नेमलेल्या पहिल्या प्रेस आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष होते. आयोगाच्या अहवालानंतर १९५५ चा कायदा आला आणि त्याच्या नावातील इंग्रजी 'वर्किंग जर्नलिस्ट'साठी मराठीत शब्द रूढ झाला 'श्रमिक पत्रकार'. हिंदीने 'श्रमजीवी' घेतला. मराठीचा 'श्रमिक' अधिक रोखठोक आहे. तो थेट कामगार चळवळीच्या भाषेतून येतो. 'कार' या प्रत्ययात शतकभर दबून बसलेला कारागीर अखेर विशेषण लावून पुढे आला.

या कायद्याने व्याख्या केली. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकाराचा आहे आणि जो वृत्तपत्र आस्थापनेत त्या नात्याने नोकरीला आहे, तो श्रमिक पत्रकार. संपादक, अग्रलेखक, उपसंपादक, बातमीदार, वार्ताहर, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, एवढेच काय मुद्रितशोधकही त्यात आला. मुख्यतः व्यवस्थापनाचे काम करणारे बाहेर राहिले. चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नाही. काढायचे झाले तर संपादकाला सहा महिन्यांची आणि इतरांना तीन महिन्यांची नोटीस. छापखान्यातील कामगार मात्र 'पत्रकार' झाले नाहीत. 'इतर वृत्तपत्र कर्मचारी' म्हणून कायद्याच्या नावात त्यांना जागा मिळाली ती १९७४ च्या दुरुस्तीने. मालकांनी कायद्याला आव्हान दिले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी ग्राह्य धरला, पण पहिल्या वेतन मंडळाचा निर्णय रद्द केला, कारण वृत्तपत्रांची पैसे देण्याची ऐपत मंडळाने तपासली नव्हती. म्हणजे पत्रकार श्रमिक आहे हे ठरले, श्रमाची किंमत ठरायची राहिली. २०२० च्या कामगार संहितेत हा कायदाच विलीन करण्यात आला.

या व्याख्येतील कळीचा शब्द आहे 'नोकरीला'. तो रत्नागिरीच्या पानांवर कसा दिसतो हे पाहायला कायद्याचे पुस्तक लागत नाही, बातमीची पहिली ओळ पुरते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या बातमीवर बहुधा '(प्रतिनिधी)' असते आणि लांजा, गुहागर, मंडणगड अशा गावांतून आलेल्या बातमीवर '(वार्ताहर)'. प्रतिनिधी बहुतेक वेळा पगारी. वार्ताहर हा शेती, दुकान, शिकवणी किंवा आणखी काही सांभाळून बातम्या पाठवणारा. मिळाले तर किरकोळ मानधन, नाहीतर जाहिरातींवरची टक्केवारी. गाव त्याला पत्रकार म्हणते. सभेत पुढची खुर्ची देते. त्याचा 'मुख्य व्यवसाय' कोणता, असे कायद्याने विचारले की उत्तर अवघड होते. संस्कृतातला प्रतिष्ठित निरोप्या आणि मानधनावरचा माणूस, दोघांनाही मराठी आज वार्ताहरच म्हणते.

महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांना आळा घालणारे विधेयक मंजूर केले. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळून तो अंमलात यायला २०१९ उजाडले. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. त्यातील 'प्रसारमाध्यमातील व्यक्ती'ची व्याख्या १९५५ च्या कायद्याच्याच वळणाची आहे: मुख्य व्यवसाय पत्रकाराचा आणि नेमणूक नियमित किंवा कंत्राटी. 'कंत्राटी' हा शब्द नव्याने आला. मानधनावरचा वार्ताहर या दोहोंपैकी कशात बसतो, हे दर वेळी नेमणुकीचा कागद पाहूनच ठरणार, आणि तालुक्याच्या गावी असा कागद अनेकांजवळ नसतो.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरातील पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी 'महानगरी टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाली. बारसू परिसरातील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून तेव्हा तालुका धुमसत होता. त्याच दिवशी राजापुरात पेट्रोल पंपाजवळ एका मोटारीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. ज्या व्यक्तीविषयी बातमी होती, तिलाच पोलिसांनी अटक केली आणि पुढे गुन्ह्यात खुनाचे कलम वाढवले. दुसऱ्या दिवसापासून राज्यभरच्या दैनिकांत, निषेधाच्या फलकांवर आणि विधिमंडळातील मागण्यांत त्यांच्या नावाआधी एकच शब्द लागला: पत्रकार. त्यासाठी कोणी व्याख्या तपासली नाही.